खिडकी क्रमांक चारचा वारस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सांता रीताच्या पाणी कार्यालयाचे संचालक, सन्माननीय इंजिनिअर साल्दिवार साहेब. कामगार संघटनेचे सरचिटणीस आणि आपणा सर्वांचे आधारस्तंभ बुल्मारो किंतेरो साहेब. आशीर्वाद द्यायला वेळात वेळ काढून आलेले फादर आन्सेल्मो. आजच्या केकची धर्ममाता, म्हणजे केकचा खर्च उचलणारी, माझी जुनी मैत्रीण चेलो. बँडचे धर्मपिता, उशीची धर्ममाता, फुग्यांचे धर्मपिता. माझ्या कार्यालयातल्या बंधुभगिनींनो, आणि मोलेच्या रश्श्याचा वास आल्यामुळे आत शिरलेल्या, मी कधीही न पाहिलेल्या मागच्या दोन टेबलांवरच्या सज्जनांनो, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्ष साहेब आत्ता माझ्याविषयी जे बोलले ते ऐकताना मला वाटलं, कोण बरं ही थोर बाई, एकदा भेटायला हवं. 'ओफेलिया बरालेस म्हणजे या कार्यालयाचा आत्मा' असं साहेब म्हणाले. साहेबांना इथे येऊन दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं ते मला ओलिव्हिया म्हणत आले. आज नाव बरोबर घेतलं. जाणाऱ्या माणसाचं नाव लक्षात राहतं, हे काय कमी आहे?

बुल्मारो साहेबांनी तर कमालच केली. 'ओफेलियाताईंनी या कामावर आईसारखं प्रेम केलं' म्हणाले. साहेब, मी तुमचा मान राखते, पण इथे फादर बसलेत. त्यांच्यासमोर मी खोटं ऐकून घेऊ शकते, त्याला मान नाही डोलवू शकत. मला हे काम कधीच आवडलं नाही.

अरे, एवढं दचकता काय? चेलो, बाई, चमचा उचल तो खालचा. मी एक साधा प्रश्न विचारते. या सभागृहात ज्याला आपलं काम मनापासून आवडतं, त्याने हात वर करावा. एक... दोन... तो हात वेटरला हाक मारण्यासाठी आहे, तो धरत नाही... आणि तिसरा बुल्मारो साहेबांचा. साहेबांना त्यांचं काम आवडतं, यात शंकाच नाही. सहा वर्षं झाली, ते आपल्या टेबलाकडे फिरकलेले नाहीत. इतक्या लांबून कुठलंही काम आवडेल.

माझं काम काय होतं, हे मागच्या दोन टेबलांसाठी सांगते. खिडकी क्रमांक चार. लोक पाणी येत नसल्याची तक्रार घेऊन येणार, मी त्यावर 'मिळाली' असा शिक्का मारणार, आणि तक्रार वरच्या मजल्यावर जाणार. वर तिचं पुढे काय होतं हे मला माहीत नाही. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, पाणी कधी येईल?" मी म्हटलं, "तक्रार मिळाली." तो म्हणाला, "तक्रार तुम्हाला मिळाली हो, मला पाणी कधी मिळेल?" याचं उत्तर माझ्या शिक्क्यावर नव्हतं. आपल्या कार्यालयातल्या संडासातही बादली ठेवावी लागते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तर हा तो शिक्का. निळ्या मखमलीच्या उशीवर ठेवलाय, बघा. आपला रिवाज तुम्ही जाणताच: निवृत्त होणाऱ्याने भाषणाच्या शेवटी शिक्का उचलायचा आणि घरातल्या माणसाच्या हातात द्यायचा. टाळ्या वाजल्या की जागा त्याची. माझ्या वडिलांनी, फाउस्तो बरालेस यांनी, याच सभागृहात माझ्या हातात असाच शिक्का दिला. आणि आज मला तो माझ्या मुलीच्या, यादिराच्या हातात द्यायचा आहे. ती बघा, तिसऱ्या टेबलावर बसलीय, हिरव्या झग्यात. सोमवारपासून खिडकी क्रमांक चारमागे ती बसणार, असं ठरलंय. निदान आत्तापर्यंत तरी ठरलंय.

मला शिक्का मिळाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझा मामा लांबच्या गावांना बस चालवायचा आणि मी त्याच्या बाजूला उभी राहून दारातून गावांची नावं ओरडायची. मला ती बस चालवायची होती. घाटात मामा अधूनमधून चाक माझ्या हातात द्यायचा, आणि मागच्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. वडिलांनी मला एकदा जवळ बसवलं आणि म्हणाले, "पोरी, ही जागा मी तुझ्यासाठी सांभाळली. मला कुठे आवडत होती? पण म्हटलं, लेकीच्या कामाला येईल." आता सांगा, ज्याने आपल्यासाठी आयुष्य खिडकीमागे काढलं, त्याला नको म्हणायचं कसं? मी म्हटलं, "बसेन की, बाबा." ते खूश झाले. म्हणाले, "एक वर्ष बस. नाही पटलं तर सोड."

त्या एका वर्षाचं काय झालं, ते आता ऐका. सोडायचं म्हणजे कधी सोडायचं, याला काही मुहूर्त लागतो की नाही? डिसेंबरात बोनस असतो. बोनस हातात पडायच्या आधी नोकरी सोडणारा माणूस अजून आपल्या गावात जन्मायचाय. म्हणून मी ठरवलं, सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाचा गोड पाव कापून झाला की सगळ्यांच्या देखत साहेबांना सांगायचं. तेव्हाचे साहेब वेगळे होते, देव त्यांना शांती देवो. मी पावाचा तुकडा तोंडात टाकला, धीर गोळा केला, उभी राहिले, आणि दाताखाली कट्कन काहीतरी आलं.

पावात लपवलेला बाळ येशूचा इवलासा पुतळा. माझ्याच वाट्याला.

ज्याच्या तुकड्यात बाळ, त्याने दोन फेब्रुवारीला अख्ख्या कार्यालयाला मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले खिलवायचे. आपल्याकडे लोकांनी तो बाळ गिळल्याची उदाहरणं आहेत, त्यातलं एक आज व्यासपीठावर बसलंय, मी नाव घेत नाही. मी काय केलं, तर तो गालात सरकवला. आणि तशीच बोलायला लागले, "शाहेब, मला एक शांगायचंय." साहेब माझ्या गालाकडे बघत म्हणाले, "सांगू नका, दिसतोय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राजीनामा त्या टाळ्यांत बुडाला. आता मला सांगा, तमाले न देता पळाली, असं नाव घेऊन या गावात कोण जगू शकेल? बँक लुटलेल्याला लोक विसरतील, तमाले बुडवणाऱ्याला नाही विसरणार.

दोन फेब्रुवारीला मी आणि आईने मिळून केळीच्या पानांत बांधलेले ढीगभर तमाले आणले. त्या दिवशी चेलोला बाजूला घेऊन म्हटलं, "मी उद्या सोडतेय." चेलो म्हणाली, "अगं वेडी का काय तू? एवढे खाऊ घातलेस, आणि आता दुसऱ्याच्या घरचे खायची पाळी आली तर निघालीस? पुढच्या वर्षापर्यंत थांब, वसूल कर, मग जा." मला तिचं म्हणणं पटलं. बघा, माणसाच्या आयुष्याचे निर्णय कशावर ठरतात. पुस्तकांत लिहितात, ध्येयावर ठरतात.

मग मार्चमध्ये चेलोची भिशी सुरू झाली, आणि माझा नंबर ऑगस्टात लागला. भिशी अर्धवट टाकून जाणं बरं दिसतं का? मेमध्ये मातृदिनाची सोडत, त्यात मिक्सर. जूनमध्ये पाऊस, पाइप फुटणार, खिडकीसमोर रांग, अशा वेळी सोबतिणींना टाकून कसं जायचं? नोव्हेंबरात मृतांच्या सणाची वेदी मांडायची, आणि कागदी झालरी कापायला माझ्याएवढा हात कुणाचा बसत नाही, हे सगळे म्हणतात. की आलाच डिसेंबर. बोनस. आणि मग जानेवारी, पाव. असं करता करता लग्न झालं, यादिरा झाली, नवरा गेला. आणि दर जानेवारीला मी ठरवलेलं असायचं. बंधूंनो, मी या कार्यालयात टिकले ती निष्ठेने नव्हे. मला जायला मोकळा आठवडा मिळाला नाही.

आता कुणी म्हणेल, ही बाई ज्या ताटात जेवली त्यातच थुंकते. नाही हो. या खिडकीने माझ्या घरावर छप्पर घातलं. आईचं ऑपरेशन झालं ते याच नोकरीच्या विम्यावर. यादिराचे दात सरळ केले. मी कृतघ्न नाही. पण छप्पर आवडतं म्हणून माणूस कौलांवर प्रेम करत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हेही सांगते, की ज्यांना 'मनाचं ऐका, सोडा नोकरी' असं सांगायची सवय असते, त्यांच्या घरचं भाडं बहुधा दुसरं कुणीतरी भरत असतं. मी तसं सांगायला उभी राहिलेली नाही. सोडणं शहाणपणाचं की राहणं, हे मला तीस वर्षांत कळलं नाही. पण एखाद्याला आपलं काम आवडतं की नाही, हे ओळखायची एक खूण मात्र मला सापडली. तो रात्री जेवताना त्याविषयी बोलतो का, बघा.

माझी यादिरा आपल्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांबरोबर काम करते. शेळ्यांना लस टोचायची, डुकरिणीची बाळंतपणं करायची. पगार कधी येतो, कधी नुसतीच अंडी येतात. घरी आली की आधी वास येतो, मग ती येते. आणि जेवायला बसली की जी सुरू होते, "आई, आज बोकडाने डॉक्टरांची टोपी खाल्ली. आई, तुला माहितीय का, पोटात आडवं झालेलं पिल्लू कसं फिरवतात? हे बघ, असं." आणि माझ्या भाताच्या वाडग्यात चमचा फिरवून दाखवणार. मी म्हणायची, "अगं जेवताना तरी नको गं ते." पण खरं सांगू? मला ते ऐकायला आवडायचं. मी कार्यालयातून काय सांगणार होते? आज निळी शाई संपली?

गेल्या महिन्यात ठरलं की मी निवृत्त होणार. मी तिला म्हटलं, "जागा आहे तुझ्यासाठी. विमा आहे, पेन्शन आहे, उन्हात हिंडायला नको." ती म्हणाली, "बसेन की, आई."

कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं मला ते. पण मी खूश झाले. आईला काय, लेक सुरक्षित झाली की झालं. मी मुद्दाम म्हटलंसुद्धा, "एक वर्ष बस, नाही पटलं तर सोड."

रिवाजाप्रमाणे तीन आठवडे ती माझ्या बाजूला बसून काम शिकली. शिकायला आहेच काय, शिक्का सरळ धरायचा. आणि घरी जेवणाच्या टेबलावर ती गप्प झाली. मी विचारलं, "काय गं, कसं वाटलं आज?" म्हणाली, "ठीक." मी म्हटलं, "कोण कोण आलं होतं खिडकीवर?" म्हणाली, "लोक." बंधुभगिनींनो, ज्या मुलीला शेळ्यांची नावं पाठ आहेत, ती माणसांना 'लोक' म्हणाली.

तिच्या आजोबांनी ही खुर्ची सांभाळली माझ्यासाठी. मी सांभाळली तिच्यासाठी. आता ती सांभाळणार तिच्या न झालेल्या लेकीसाठी. आमच्या घरात आजवर एकही माणूस या खुर्चीवर स्वतःसाठी बसलेला नाही. असली कसली ही खुर्ची?

बुल्मारो साहेब, घड्याळ बघू नका, मी शिक्क्याकडेच येतेय. तिसऱ्या रांगेत तुमचा पुतण्या नवा टाय लावून बसलाय, तोही मी पाहिला. मुलगी नको म्हणाली तर जागा संघटनेकडे, आणि संघटना म्हणजे कोण, हे टायवरून कळतंच.

पण त्याआधी एका माणसाविषयी बोलायचंय. एलिसेओ, उभा राहा बाबा. तो बघा, दाराजवळ, बसायला खुर्ची नाही म्हणून उभाच आहे. एलिसेओ खिडकी क्रमांक चारवर माझ्याशेजारी अकरा वर्षं हंगामी आहे. दर महिन्याला त्याला नव्याने ठेवून घेतात. त्याचे वडील संघटनेत नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा. आणि या माणसाला हे काम आवडतं. तुम्हाला खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण आवडतं. सोमवारी सकाळी शीळ घालत येतो. मला अकरा वर्षं त्याचा किती त्रास झाला, काय सांगू. तक्रार आली की ही स्वारी कागद घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर जाणार, तिथे उभी राहणार, वरच्यांना जागं करणार, आणि पाणी आलं की त्या बाईला फोन करून विचारणार, "मावशी, धार जाड आहे ना?" मी म्हणायची, "अरे, तुला याचे पैसे मिळतात का?" तर म्हणतो, "ताई, पाणी आलं की माणसाचा आवाज बदलतो, तो ऐकायला बरं वाटतं." असल्या माणसाला काय म्हणायचं? आणि शिक्का मारायचा झाला तर त्याला माझा मागावा लागतो, कारण हंगामी माणसाला शिक्का नाही.

बुल्मारो साहेब हसतायत. मनात म्हणतायत, ओफेलिया म्हातारी झाली, नियम विसरली. शिक्का घरातल्याच माणसाला देता येतो.

मी नियम विसरले नाही, साहेब. उलट तुमचंच वाक्य मला पाठ आहे. मीटर विभागात तुमचा एक धर्मपुत्र लागला, मग गोदामात दुसरा लागला, मग तिसरा, ज्याला शाळेच्या निरोपाला फक्त बूट घेऊन दिले म्हणून तुम्ही त्याचे धर्मपिता झालात. तेव्हा सभेत कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही टेबलावर मूठ आपटून म्हणालात, "धर्मपुत्र हा घरातलाच माणूस! संघटनेला रक्त दिसत नाही, नातं दिसतं!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या. किती छान बोलला होतात तुम्ही.

तर मंडळी, गेल्या रविवारी बिशप आपल्या गावात आले होते, मुलांच्या दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायच्या संस्काराला. पांढऱ्या कपड्यांतली चौदा-चौदा वर्षांची मुलं रांगेत उभी, आणि त्यांच्या शेवटी एक चाळिशीचा टकला माणूस. पांढरा सदरा, हातात मेणबत्ती. एलिसेओचा हा संस्कार लहानपणी राहूनच गेला होता. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याची धर्ममाता म्हणून मी उभी होते. फादर, खरं ना? फादर मान हलवतायत. बुटांवरून जुळलेलं नातं नाही हे, साहेब, बिशपांनी कपाळाला तेल लावून जुळवलेलं आहे.

कुणाला आधी बोलले नाही, कारण बोलले असते तर आजच्या आधीच नियम बदलला असता.

आणि यादिरालाही सांगितलं नाही. घरी विचारलं असतं तर म्हणाली असती, "तुला काय वाटतं, आई?" आणि मला जे वाटतं तेच तिने केलं असतं. आमच्या घरात माया फार, त्यामुळे खरं बोलायला जागा उरत नाही.

यादिरा, उभी राहा बाळा. इकडे बघ, प्लेटकडे नको बघूस. हा शिक्का माझ्या हातात आहे. तुला हवा असेल तर आत्ता, इथे, तुझा आहे, आणि एलिसेओ तुझा धर्मभाऊ म्हणून टाळ्या वाजवेल. त्याला मी काही वचन दिलेलं नाही, त्याला तर हे आत्ताच कळतंय, बघा, त्याचं तोंड कसं उघडं पडलंय. मला पेन्शन आहे. छप्पर झालंय. माझ्यासाठी म्हणून घेऊ नकोस. मला माझ्या वडिलांनी जे विचारलं नाही ते मी तुला विचारते. तुला ही जागा हवी का?

काय? मोठ्याने बोल, पोरी. मागच्या टेबलांना ऐकू जात नाही.

ऐकलंत? "नको, आई," म्हणाली. आणि काय म्हणतेय ती... "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते." नाही गं माझे राणी. मला वाईट वाटत होतं ते तू बोलत नव्हतीस म्हणून. बस आता, पाणी पी. चेलो, तिला रुमाल दे. नाही, स्वतःचे डोळे नंतर पूस, आधी तिला दे.

एलिसेओ, ये रे बाबा पुढे. वाट द्या त्याला. घे. दोन्ही हातांनी धर. टाळ्या वाजवा, मंडळी, टाळ्यांशिवाय पक्कं होत नाही. मागची दोन टेबलं सगळ्यात जोरात वाजवतायत, देव त्यांचं भलं करो, त्यांना अजून थोडं मोले वाढा. बुल्मारो साहेब, तुम्हीही वाजवा, सगळे तुमच्याकडे बघतायत... हं, शोभलं. तुमच्या पुतण्याने टाय सैल केला तरी चालेल.

समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे, केकपासून उशीपर्यंतच्या सगळ्या धर्मपित्यांचे आणि धर्ममातांचे, अध्यक्ष साहेबांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात मानपानात उणंअधिक झालं असेल, कुणाच्या मनाला लागलं असेल, तर ते पोटात घालावं. आमच्या घरात आजवर सगळे 'हो'च म्हणत आले. 'नको' आज पहिल्यांदा म्हटलं गेलंय, आणि आम्हा मायलेकींना त्याचा सराव नाही. म्हणताना काही चुकलं असेल, तर सांभाळून घ्या.